हवा काढणारे काका

काकांनी मला फसवलं. मी काकांना फसवलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचा समज बरोबर उलटा आहे. आजही गणपतीत आरती संपली की कुणीतरी प्रसादाची वाटी हातात घेऊन जवळ येतं आणि विचारतं, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याशी तुम्ही एवढे का भांडलात? बिचारा म्हातारा. हे शब्द वापरणाऱ्यांपैकी कुणीही काकांच्या घरात हिवाळा काढलेला नाही.

काका आमचे घरमालक. ते खाली, आम्ही वर. न्यू जर्सीतलं जुनं लाकडी दुमजली घर. हल्लीच्या घरांत जमिनीतल्या जाळीतून गरम वारा येतो, तसलं तिथे काही नव्हतं. तळघरात बॉयलर, त्यातून घरभर गेलेले पाण्याचे पाइप, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली बिडाचा एक जाडजूड रेडिएटर. बॉयलर पेटला की गरम पाणी फिरायचं आणि रेडिएटर तापायचे. बॉयलरनं केव्हा पेटायचं आणि केव्हा थांबायचं हे ठरवणारा थर्मोस्टॅट मात्र दोन्ही मजल्यांना मिळून एकच होता, आणि तो खाली, काकांच्या पॅसेजमध्ये.

मी बार्शीत भांड्यांच्या दुकानात वाढलो. गिऱ्हाईक पातेल्याला टिचकी मारून आवाज ऐकायला लागलं की ते घेणार की नुसता वेळ घालवणार, हे मला शाळेत जायच्या आधी कळत होतं. पुढे कॉम्प्युटर शिकलो, व्हिसावर इथे आलो, ग्रीन कार्ड हातात पडताच नोकरी सोडली आणि लोकांच्या किचनमध्ये दगडी ओटे बसवण्याचा धंदा काढला. कुणी हात दिला नाही, मीही मागितला नाही. भाडं ठरवताना मी काकांना म्हटलं, हीट भाड्यातच धरा. काका म्हणाले, "धरली." माझं पुढचं वाक्य तयार होतं, ते तोंडातच राहिलं. पहिल्या बोलीला हो म्हणणाऱ्याचा माल उलटा करून बघायचा, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. घर उलटं करून बघता येत नाही.

काका मूळचे पुण्याचे. घरात असताना माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि खाली पायजमा, हा त्यांचा बारमाही वेश. रेडिएटरमधली हवा काढायला एक चिमुकली चौकोनी तोंडाची पितळी किल्ली असते. लोक ती ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि थंडी पडली की शोधत बसतात. काकांनी ती जानव्याला बांधली होती. बोलता बोलता सदऱ्यात हात घालून ती बाहेर काढायचे, पाठ खाजवायचे आणि परत आत सोडायचे. दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. रेडिएटरच्या कडेचा स्क्रू किल्लीनं सैल केला की आधी फुस्स करून हवा निघायची, मग पाण्याची काळपट धार. ती वाटीत धरायची, नाकाजवळ न्यायची, आणि वैद्य बोलतो तसं बोलायचं.

घरातल्या रेडिएटरांना त्यांनी नात्यांची नावं दिली होती. स्वयंपाकघरातला, कायम कुरकुरणारा, तो आत्याबाई. हॉलमधला मोठा तो दादासाहेब. आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतला, सगळ्यांत उशिरा तापणारा, तो जावई. "गरम पाणी आळशी असतं हो बार्शीकर," ते म्हणायचे. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. "जवळच्या घरी जेवतं आणि तिथूनच परत फिरतं. लांबच्या जावयापर्यंत जायचा त्याला कंटाळा." प्लंबरला त्यांनी घरात कधी पाऊल टाकू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, प्लंबर येतो तो बदलायला येतो, दुरुस्त करायला येत नाही.

आयुष्यभर ते एका कंपनीत तापमान राखणाऱ्या यंत्रांवर इंजिनिअर होते. कारखान्यातल्या भट्टीपासून घरातल्या थर्मोस्टॅटपर्यंत, काय किती तापलं की काय बंद झालं पाहिजे, हेच त्यांचं काम. वाचणाऱ्यांनी एवढं वाक्य लक्षात ठेवावं.

पहिल्या हिवाळ्यात जावई बिघडला. काकांनी ताप बघतात तसा हाताचा उलटा तळवा आधी रेडिएटरच्या वरच्या अंगाला लावला, मग खालच्या. "वर गार असला तर हवा. खाली गार असला तर गाळ. हा खाली गार आहे." मग व्हॉल्व्ह बंद करून, नट सोडवून, तो बिडाचा हत्ती आम्ही दोघांनी जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरवला आणि मागच्या अंगणात आडवा केला. माझी कंबर त्या दिवसापासून माझी राहिलेली नाही. काकांनी बागेच्या नळीनं एका तोंडातून पाणी सोडलं, दुसऱ्या तोंडातून डांबरासारखा काळा गाळ बर्फावर पडत राहिला. त्यातला थोडा त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवला. पुढे मंडळाच्या एका कार्यक्रमात तो डबा दाखवायला घेऊन आले, आणि एका काकूंनी झाकण उघडून त्यात चमचा घातला. काका म्हणाले, थांबा, ते तीस-चाळीस वर्षांचं आहे.

त्यानंतर जावई असा तापला की भर जानेवारीत आम्ही खिडकी किलकिली ठेवायचो. म्हणजे काकांना काम येत होतं. हे मी मान्य करतो, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते. ज्याला येत नाही त्याच्या हातून चूक होते. ज्याला येतं त्याच्या हातून झाली तर तिला चूक म्हणत नाहीत.

दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस होते, आणि थंडी सुरू व्हायच्या सुमाराला मी आईला आणलं. वडील गेल्यापासून ती बार्शीत धाकट्या भावाकडे होती. मी तिला सांगितलं होतं, बाळंतपणाला ये आणि मग राहाच. ती म्हणाली होती, थंडी सोसली तर बघू. तिच्या बाजूनं एवढंच होतं, माझ्या बाजूनं मात्र ते ठरलेलं होतं. तिनं सगळा संसार दुकानाच्या मागच्या खोलीत, पातेल्यांच्या उतरंडीला टेकून केला. मला तिला एक स्वतंत्र खोली द्यायची होती, खिडकी असलेली, ऊबदार. मी तिला शेवटची खोली दिली, जावयाची. जावई बरा झाला होता ना.

आईला इथे दुपारी बोलायला कुणी नव्हतं. बायको ऑफिसला, मी साइटवर. ती खाली काकांकडे जाऊन बसायला लागली. तिथे तिला कळलं की काकू गेल्यापासून घरातले देव किचनच्या कपाटात, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांशेजारी उभे आहेत. आईनं काकांना काय सुनावलं ते मला माहीत नाही. संध्याकाळी घरी आलो तर खालून ड्रिल मशीनचा आवाज येत होता. पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला होईल अशी मोकळी भिंत खाली एकच होती, पॅसेजची. काकांनी तिथे फळी ठोकली, लेव्हल लावून तिचा बुडबुडा मध्यावर आणला, आईनं देव मांडले. आणि सुनेचं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत तेवत ठेवायचा म्हणून तुपाचा अखंड दिवा लावला. देवांच्या वर हातभर अंतरावर थर्मोस्टॅट. मी तेव्हा त्याच्याकडे बघितलंही नाही. मी देवांकडे बघितलं, आणि काका मला चांगले वाटले तो तेवढाच एक दिवस.

त्यानंतर वरचा मजला गार पडला.

आधी जावई, मग बेडरूम, मग हॉलमधले दादासाहेब. रेडिएटर पाच-दहा मिनिटं कोमट व्हायचे आणि परत थंड. आई पायात दोन मोजे घालून, शालीवर माझं जॅकेट चढवून बसायची. मी खाली जाऊन काकांना बोलावलं. काका वर आले, जानव्याची किल्ली काढली, वाटी धरली, फुस्स केलं. "हवा आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत हवा. मग पाण्याचा आळस. मग तळघरातला पंप दमलाय. पंपही बदलला, त्या वेळी मीच टॉर्च धरून उभा होतो. मग स्टीलचा पेला पाइपला लावून, त्याला कान लावून बसले आणि म्हणाले, पाणी बोलतंय, पण स्पष्ट बोलत नाही. रोज येत होते, रोज हवा काढत होते. एवढी हवा त्या घरात कुठून येत होती, हे मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "हवा सगळीकडेच असते, बार्शीकर."

मी इलेक्ट्रिक हीटर आणून आईच्या खोलीत लावला. जुन्या घराची वायरिंग, फ्यूज उडाला, खालीवर अंधार. काका मेणबत्ती घेऊन जिन्यात आले आणि म्हणाले की लाकडी घर आहे, पेटलं तर आपण सगळेच ऊबदार होऊ, हीटर परत करा. मला त्यांच्या बोलण्यात मस्करी वाटली नाही, समाधान वाटलं. भाड्यात धरलेली हीट आता ते भाड्यातून काढून घेताहेत, असं मला वाटलं. दुसरं काय वाटणार?

थर्मोस्टॅटवरून भांडायला मी कितीदा खाली गेलो. पण काकांच्या पॅसेजमध्ये भांडता यायचं नाही. समोर देव. चपला दारात काढायच्या, आधी हात जोडायचे, आणि मग हळू आवाजात बोलायचं. आवाज चढला की काका नजरेनंच देव्हाऱ्याकडे बोट दाखवायचे. मी म्हणायचो, सत्तर फॅरनहाइटवर लावा. ते म्हणायचे, सत्तरवरच आहे, बघा. मी बघायचो. खरंच सत्तरवर लावलेला असायचा, आणि घराचं तापमान दाखवणारा दुसरा काटा सत्तरच्याही पुढे. म्हणजे यंत्र म्हणत होतं, घर गरम आहे. आणि काका माकडटोपीत, हात काखेत घालून उभे. मला शंका आली की त्यांनी यंत्रात काहीतरी करून ठेवलंय. नेमकं काय, ते माझ्या नाकासमोर होतं आणि मी त्यालाच हात जोडत होतो.

आईचा खोकला सुरू झाला. तो छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, या वयात थंडीपासून जपा. मी ज्या घरात तिला ठेवलं होतं त्या घराचं मला काही करता येत नव्हतं. नवं घर बघायला बायकोच्या अंगात ताकद नव्हती, दिवस भरत आले होते. एके सकाळी आई तोंडाला पदर लावून खोकत होती, मला ते बघवलं नाही, मी फोन उचलला आणि तिचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. ती भांडली. नातवंडाचं तोंड बघून जाते म्हणाली. मी ऐकलं नाही. निघताना ती खाली काकांकडे गेली, दारात उभं राहून त्यांच्याशी बराच वेळ बोलली. काका मान हलवत होते. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला.

आई बार्शीला पोचल्यावर भावानं फोन केला, असा खोकला असताना तिला विमानात का बसवलंस म्हणून. त्याच्या आवाजात काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

मुलगी झाली, सुखरूप. मी हॉस्पिटलमधून आईला फोन केला, तिनं काकांना केला असणार, कारण मी केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी कपडे घ्यायला घरी आलो. वरचं दार उघडलं आणि अंगावर ऊब आली. जावयाला हात लावला, चटका बसला. आत्याबाई कुरकुरत होत्या, दादासाहेब भाजत होते. कुठेही हवा नव्हती.

मी जिना उतरून खाली गेलो. काका देव्हाऱ्यापुढे स्टुलावर चढले होते. दिवा विझलेला, भिंतीवर त्याच्यापासून वरपर्यंत काजळीचा एक काळा पट्टा, तो थेट थर्मोस्टॅटच्या झाकणापर्यंत. आणि काका ओल्या फडक्यानं ते झाकण पुसत होते.

मी एकदम सगळं समजलो. दिव्याची ऊब रात्रंदिवस सरळ वर जाऊन त्या यंत्राला लागत होती. यंत्राला वाटत होतं, घर तापलंय. म्हणून बॉयलर पेटला की लगेच विझत होता. वरचा मजला हवेनं नाही, गाळानं नाही, त्या एका वातीनं गार केला होता.

मी विचारलं, हे काय पुसताय.

"काजळी," काका म्हणाले. "थोडी वाटीत काढून ठेवलीय, तुपात खलून. बाळाला तीट लावायला होईल. डोळ्यांत घालू नका, इथले डॉक्टर ओरडतात."

मी त्या दिवशी देवापुढे आवाज चढवला. चपलाही काढल्या नव्हत्या. म्हटलं, जन्मभर थर्मोस्टॅट केलेत आणि थर्मोस्टॅटखाली दिवा लावल्यावर काय होतं हे तुम्हांला कळलं नाही? रोज किल्ली घेऊन वर येत होतात ते नाटक कशासाठी? काका स्टुलावरून उतरले, फडकं पिळलं आणि म्हणाले, "दिवा तुमच्या मातोश्रींचा होता. मी विझवायला हवा होता का?"

मी म्हटलं, विझवायला कोण सांगतंय. फळी दोन हात बाजूला घ्यायची. भिंत केवढी आहे. ड्रिल तुमचं, लेव्हल तुमची, बुडबुडा तुमचा.

काकांनी फडकं स्टुलावर पसरून टाकलं. मग म्हणाले, "त्या नको म्हणाल्या."

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या आईवर ढकलतोय. तिथेच उभं राहून मी बार्शीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईला विचारलं, काकांनी तुला फळी हलवू का म्हणून विचारलं होतं का? तिनं आधी बाळ दूध पितंय का ते विचारलं. मग म्हणाली, "विचारलं होतं रे. खालचे भाऊ म्हणाले, मशिनीला दिव्याची धग लागते, म्हणून वर गार पडतंय. मी म्हटलं, एकदा मांडलेले देव बाळंतपण होईपर्यंत हलवायचे नाहीत. आणि याला सांगू नका म्हटलं."

मी विचारलं, का?

"तू आलास आणि फुंकर मारलीस म्हणजे?"

मी फोन बंद केला. काका जानव्याची किल्ली बोटांत फिरवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांना त्या दिवशी काय काय बोललो ते त्यांनी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही, हेही मला नंतर कळलं. मला त्याचं कौतुक नाही. हा माणूस लपवण्यात तयार होता, तेही त्यानं लपवलं.

बायकोनं तीट लावली. मी नको म्हणत होतो. आम्ही उन्हाळ्यात घर सोडलं.

काका आता टेक्सासमध्ये, प्लेनोला मुलीकडे असतात. तिथे रेडिएटर नाहीत, जमिनीतून गरम वारा येतो, हवा काढायची सोय नाही. दिवाळीला त्यांचा फोन येतो. मी उचलतो, कारण न उचलला तर मी चुकलो असं होईल. ते मुलीची चौकशी करतात, बोलणं तिथल्या ऊन-थंडीवर नेतात. मी दर वेळी त्याच एका विषयावर येतो आणि दर वेळी त्यांना पलीकडे कुणीतरी हाक मारतं. आई पुन्हा आली नाही. मी तिकीट पाठवलं, ती म्हणाली, एकदा बघितली अमेरिका, पुरे. माझी मुलगी आजीला फोनच्या पडद्यावर ओळखते.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, जाऊ दे, म्हातारा माणूस, त्यानं बाईचा शब्द राखला. राखला ना. आईच्या नवसाचा राखला. मग माझं काय? पोर माझं, बायको माझी, वरच्या खोलीत कुडकुडणारी आई माझी, आणि त्या घरात नक्की काय चाललंय हे माहीत नसलेला मी एकटा. तिकीट मी बदललं ते रेडिएटर बिघडलाय म्हणून. काकांनी नुसतं एवढं सांगितलं असतं की बिघडलेलं काही नाही, तुझ्या आईनं दिवा लावलाय आणि तिला तो ठेवायचाय, तर मी दुसरं घर बघितलं असतं, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहिलो असतो, काहीही केलं असतं. तिला विमानात बसवलं नसतं.

आई आईच आहे, तिला मी विचारत नाही. पण काका, तुमची माझी ओळख एका वर्षाची. मी घासाघीस करतो, आवाज चढवतो, हे तुम्ही बघितलंत. त्यावरून तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत की हा माणूस आपल्या बायकोच्या नावानं लावलेला दिवा विझवेल. आईनं एक वेळ म्हटलं असेल, तुम्ही ते मान्य का केलंत? मला एकदा खाली बोलावून विचारलं का नाहीत? हे मी मंडळाच्या अंकात, सगळ्यांसमोर छापून विचारतोय, म्हणजे पलीकडून कुणी हाक मारली तरी चालणार नाही. मी फुंकर मारली असती हे तुम्हांला कोणी सांगितलं? उत्तर द्या.